बदामीचा किल्ला: बेळगावाकडून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बदामी म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात, बनशंकरी आणि लेणी. देवीचं दर्शन झालं, लेण्यांच्या पायऱ्या चढून उतरल्या, तलावाकाठी घरच्यांचा एक फोटो निघाला की गाडी पट्टदकल-ऐहोळेच्या वाटेला लागते. किल्ला समोरच्याच डोंगरावर असतो, दिसतही असतो, तरी बघायचा राहतो. कारण तो किल्ल्यासारखा दिसत नाही.

पारगड, सामानगड, राजहंसगड बघत वाढलेल्या माणसाची नजर आधी दरवाजा शोधते, मग बुरूज, मग बालेकिल्ला. बदामीत त्या क्रमानं काहीच सापडत नाही. इथं लाल वालुकाश्माचा डोंगर हाच किल्ला आहे. उभे कडे, खोल घळी, एकमेकांपासून सुटे झालेले अजस्र खडक हे सगळं आधीपासूनच होतं. माणसानं काय केलं, तर जिथं खडक कमी पडला तिथं तट घालून जागा बुजवली. म्हणून इथं आधी खडक बघायचा, तट नंतर. एवढं धरून चाललात तर दोन तासांत किल्ला उलगडतो. नाहीतर ‘वर काही नाही हो, दोन देवळं आहेत’ असं सांगत परत येणाऱ्यांत तुमचीही भर पडेल.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे अजिबात नको. वालुकाश्म तापला की संध्याकाळ झाली तरी निवत नाही, आणि वर सावली अशी नाहीच, घळींत मिळेल तेवढीच. पावसाळ्याचं वेगळं आहे. मोठा पाऊस झाला की तलावाच्या बाजूच्या कड्यावरून दोन धारा शेजारी-शेजारी कोसळतात. त्यांना तिकडे अक्का-तंगी म्हणतात, म्हणजे थोरली आणि धाकटी बहीण. त्या बघायला जरूर जा, पण त्या दिवशी किल्ला चढायचा हट्ट नको. ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि धरायला कठडा बहुतेक ठिकाणी नाही.

वार निवडताना शुक्रवार टाळा. पायथ्याचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. पौषी पौर्णिमेच्या आसपास बनशंकरीची जत्रा भरते. तेव्हा बसपासून खोलीपर्यंत सगळ्याचीच मारामार. जत्रेलाच जायचं असेल तर किल्ला पुढच्या खेपेला ठेवलेला बरा.

काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी. वर प्यायचं पाणी मिळत नाही. जुनी टाकी आहेत, पण ती नुसती बघण्यापुरती. डोक्याला टोपी किंवा टॉवेल. पायात घट्ट बूट, तेही तळ न झिजलेले. इथला खडक झिजून त्याची बारीक वाळू होते आणि ती पायऱ्यांवर, उतारांवर पसरून राहते. कोरड्या दिवशीसुद्धा गुळगुळीत चप्पल त्यावरून सटकते. उतरताना जास्तच.

पिशवी पाठीला लावायची घ्या, हातात लोंबती नको. त्याला कारण माकडं. लेण्यांच्या पायऱ्यांवर त्यांचं राज्य असतं, किल्ल्याच्या वाटेवरही भेटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की लांबून येतात. चेन ओढून पिशवी उघडतात, पाण्याची बाटली पळवून झाकण दातानं फोडतात, आणि तुमच्यासमोर बसून पितात. खायचं काही हातात धरू नका, त्यांच्याकडे टक लावून बघू नका, आणि एखाद्यानं काही ओढलंच तर सोडून द्या. बिस्किटाच्या पुड्यासाठी हात ओरबाडून घेण्यात शहाणपण नाही. लहान मुलांच्या हातात केळं देऊन त्यांना पुढं पाठवणारे पालकही दिसतात. त्यांना काय म्हणावं!

रस्ता

बेळगावहून सरळ वाट म्हणजे सांबऱ्यावरून नेसरगी, यरगट्टी, रामदुर्ग आणि बदामी. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, स्वतःच्या गाडीनं तीन-साडेतीन तास धरा. अथणीकडच्या लोकांना जमखंडी-मुधोळमार्गे लोकापूर गाठून पुढं जाता येतं. चिकोडी-निपाणीकरांना गोकाकवरून. त्यांनी वाटेत गोकाकचा धबधबा बघून घ्यावा, आणि तोही जरा वेगळ्या नजरेनं. घटप्रभा ज्या कड्यावरून खाली पडते तो कडा आणि बदामीचे डोंगर ही एकाच कलादगी खोऱ्यातली जुनी गाळाची खडकरचना आहे. थरावर थर रचलेला खडक कसा दिसतो याची ओळख तिथंच होते.

रेल्वेनं जायचं तर बेळगावहून आधी हुबळी, मग गदग, आणि तिथून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीनं बदामी. सोलापूर-विजापूरकडून येणाऱ्यांना ही लाइन थेट आहे, त्यांनी रेल्वेच धरावी. स्टेशन गावापासून चार-पाच किलोमीटर बाहेर आहे. गाडी आली की बाहेर टमटम उभ्या असतात. बसनं जाणाऱ्यांना थेट बदामी मिळाली तर उत्तम, नाहीतर बागलकोटला उतरायचं. तिथून बदामीच्या बसला फार थांबावं लागत नाही.

मी म्हणेन, जमत असेल तर रामदुर्गच्या वाटेनंच जा. बैलहोंगल-यरगट्टी भागातली काळी रानं, जोंधळा-हरभऱ्याची शेतं मागं पडतात आणि रामदुर्गपाशी मलप्रभा आडवी येते. हीच नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. आपल्या जंगलातलं हे पाणी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या डोंगरातून वाट काढतं, रामदुर्गाला वळसा घालतं, पुढं पट्टदकल आणि ऐहोळेच्या अंगणातून जातं आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळतं. रामदुर्ग भावे संस्थानिकांचं गाव, त्यामुळं चहाला थांबलात तर अजूनही कुठंतरी मराठी कानावर पडेल. तिथून पुढं माती लाल होते, क्षितिजावर सपाट माथ्याचे डोंगर दिसायला लागतात, आणि बदामी जवळ आलं हे पाटी वाचायच्या आधीच कळतं.

गावातून पायथ्यापर्यंत

बस स्टँडपासून सगळं चालत आहे. पण आधी गावाची रचना डोक्यात घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही. मध्ये अगस्त्यतीर्थ हा तलाव. त्याच्या पश्चिमेला गाव, तलावाच्या काठापर्यंत आलेलं. दक्षिणेच्या डोंगरात चार लेणी आणि त्यांच्या डोक्यावर रणमंडळ हा किल्ला. उत्तरेच्या डोंगरावर दुसरा किल्ला, बावन्नबंडे कोट. बंडे म्हणजे खडक. पूर्वेला तलावाच्या टोकाशी भूतनाथाची देवळं. डोंगरांचा घोड्याच्या नालासारखा विळखा, त्यात पाणी, आणि उघड्या तोंडाशी गाव. गावाला पूर्वी स्वतःचा तट आणि खंदक होता. म्हणजे शत्रूला सपाटीवरून यायला एकच बाजू उरत होती आणि ती माणसानं बांधून घेतली होती. बाकी तिन्ही बाजू डोंगरानं.

लेण्यांचा रस्ता सगळे दाखवतात, किल्ल्याचा विचारावा लागतो. ‘कोटेगे दारी यावुदरी?’ असं विचारा, कुणीही हात करून दाखवेल. शेवटचा ‘री’ विसरू नका, त्या भागात तो आदराचा आहे आणि त्यानं कामं लवकर होतात. नाहीतर सरळ म्युझियम विचारा. जुन्या पेठेतल्या बोळांतून, चुना लावलेल्या धाब्याच्या घरांमधून वाट तलावाच्या उत्तर काठाला निघते. बोळ इतके अरुंद की समोरून म्हैस आली तर तुम्हालाच कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं. कार इथं आणायचा विचारही करू नका.

तलावाशी आलात की क्षणभर थांबून कान द्या. पायऱ्यांवर बायका कपडे धूत असतात. धोपाटणं दगडावर पडतं, आणि आवाज समोरच्या कड्यावर आपटून थोडा उशिरानं परत येतो. हात वर गेलेला असतो तेव्हा ‘धप्प’ ऐकू येतं. हे कडे किती जवळ आणि किती सरळ उभे आहेत, हे नकाशापेक्षा त्या आवाजानं जास्त नीट समजतं. वर घळीत शिरताना ते आठवणीत ठेवा.

सकाळी म्युझियम उघडलेलं नसेल तर उतरताना बघा. आधी चढून घ्या. ऊन चढायच्या आत वर असणं महत्त्वाचं.

घळ

चढण संग्रहालयाच्या शेजारून सुरू होते. दगडी दरवाजा लागतो, त्यातून आत गेलं की दोन्ही बाजूंनी खडक जवळ यायला लागतात. थोड्याच वेळात तुम्ही उंच लाल भिंतींच्या मधल्या घळीत असता. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा दगड हाताला लागेल असं वाटतं. वर आकाशाची पट्टी उरते. सिनेमावाल्यांना ही जागा फार आवडते. इथली गाणी तुम्ही टीव्हीवर बघितली असणार, जागा बदामीची आहे हे माहीत नसेल एवढंच.

इथं घाई करू नका. किल्ल्यावरची सगळ्यात चांगली जागा हीच आहे, माथा नाही. भिंतीला डोळे लावून खडक बघा. आडव्या रेघा दिसतील, ते थर. कैक कोटी वर्षांपूर्वी वाहत्या पाण्यानं वाळू आणून टाकली, तिच्यावर पुन्हा टाकली, ती दबून दगड झाली. नीट बघितलं तर आडव्या थरांच्या आत तिरप्या बारीक रेघाही आहेत. पाणी वाळू ढकलत होतं तेव्हा तिचे जे उतार तयार झाले ते तसेच गोठलेत. लाल रंग लोहाचा. आता वर बघा. वरपासून खालपर्यंत गेलेली उभी फट, तिला म्हणायचं खडकाची मूळ चीर. अशा चिरांमध्ये पाणी शिरत गेलं, दगड कुरतडत गेला, चीर रुंदावत घळ झाली. तुम्ही उभे आहात ती वाट अशी तयार झाली आहे. पायऱ्या तेवढ्या माणसाच्या.

आता तट शोधा. तो सहज दिसत नाही, कारण तटाचा दगड याच डोंगरातला, रंगही तोच. खूण अशी: जिथं रेघा एकदम सरळ आणि सारख्या अंतरावर येतात, आणि मध्ये उभे सांधे दिसतात, ते बांधकाम. वरच्या कडेला पाकळ्यांसारखे चर्ये किंवा बंदुकीच्या जंग्या, म्हणजे गोळी झाडायची भोकं, असतील तर प्रश्नच मिटला. एकदा नजर बसली की घळीच्या वर, दोन खडकांच्या फटीत, अगदी दोन-चार हात लांबीचा तुकडा-तटही सापडतो. तेवढीच फट होती, तेवढाच तट. मला वाटतं या किल्ल्याच्या बांधणीतली अक्कल त्या छोट्या तुकड्यांमध्ये दिसते, मोठ्या बुरुजांत नाही.

हा उद्योग कुणी सुरू केला तेही इथल्या दगडावरच लिहिलेलं आहे. उत्तरेच्या या डोंगराच्या खडकावर शके ४६५ चा, म्हणजे इ. स. ५४३ चा संस्कृत शिलालेख आहे. चालुक्यांचा पहिला पुलकेशी त्यात स्वतःला वल्लभेश्वर म्हणवतो आणि वातापीचा, म्हणजे बदामीचा, हा डोंगर खालून आणि वरून अजिंक्य असा दुर्ग केला असं सांगतो. खालून आणि वरून, हे शब्द घळीत उभं राहून आठवले की पटतात. खाली दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील, आणि वरच्या माणसानं नुसता धोंडा लोटला तरी पुरे.

अजिंक्य काही तो राहिला नाही. सुमारे शंभर वर्षांनी, ६४२ च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्यानं बदामी घेतली आणि ‘वातापिकोंड’, म्हणजे वातापी जिंकणारा, अशी पदवी लावली. तेव्हा इथं दुसरा पुलकेशी होता, हर्षाला नर्मदेवर अडवणारा. ऐहोळेच्या ६३४ च्या लेखात त्याचा अंमल तीन महाराष्ट्रकांवर, नव्व्याण्णव हजार गावांवर होता असं म्हटलंय. आपल्याकडे हा राजा शाळेत अर्ध्या पानात संपतो.

घळीचा खरा कस लागला तो आपल्याच लोकांच्या वेळी. १७८६ च्या मे महिन्यात मराठे आणि निजाम यांच्या एकत्र फौजांनी टिपूच्या ताब्यातल्या बदामीला वेढा घातला. तोफा चालवूनही गावाच्या तटाला खिंडार पडेना, तेव्हा शिड्या लावून चढायचं ठरलं. पेठेचा तट पडला, आतले लोक डोंगरावरच्या किल्ल्यांकडे पळाले, त्यांच्या मागोमाग हल्लेखोरही चढले. वरून गोळ्या आणि धोंडे येत होते. असल्या अरुंद वाटांवर ते काय झालं असेल याचा अंदाज तुम्हाला आता करता येईल. तरी शेवटी आतल्यांचाच धीर सुटला आणि जीव वाचवायच्या अटीवर त्यांनी किल्ला दिला. पुढच्या वर्षी, १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहानं बदामी मराठ्यांकडे आली, आणि १८१८ मध्ये मन्रोनं ती इंग्रजांसाठी घेतली. मे महिन्यात, या दगडांवर, तटाला शिड्या लावणं! उन्हाची तक्रार करताना एवढं लक्षात असू द्या.

वर

घळीतून बाहेर पडलं की उजेड डोळ्यांवर येतो. वाटेला फाटे फुटतात. दिसेल त्या फटीत शिरायचा मोह आवरा, मळलेली पायऱ्यांची वाट धरा. चुकलात तरी फार तर एखाद्या कड्याच्या टोकाशी निघता आणि परत फिरता, पण त्या टोकांना कठडे नाहीत.

आधी खालचं शिवालय लागतं. बाहेरच्या भिंती गेल्यात, गाभारा आणि त्यावरचं अष्टकोनी शिखर तेवढं उभं आहे. उघडं पडल्यामुळं देवळाची आतली बांधणी मात्र नीट दिसते. आणखी वर टेहळणीचे बुरूज आहेत. त्यातल्या एकावरून तलाव, गाव आणि समोरची लेणी एका नजरेत येतात. समोरच्या कड्यात चार काळी तोंडं दिसतात ती लेणी. त्यांच्या डोक्यावरचा तटही इथूनच सगळ्यात चांगला दिसतो. तो किल्ला तुम्हाला जवळून बघायला मिळणार नाही, त्यामुळं इथं पाच मिनिटं जास्त द्या. दुर्बीण असेल तर तिचं काम इथंच.

माथ्यावर वरचं शिवालय, सातव्या शतकातलं. देवळाच्या पायथ्याच्या पट्टीवर रामायणातले आणि कृष्णाच्या लहानपणचे प्रसंग कोरलेत. वाकून बघावे लागतात, बहुतेक लोक शिखराचा फोटो काढून निघून जातात. जवळच धान्याची कोठारं म्हणून दाखवतात ती गोल, घुमटासारख्या माथ्याची बांधकामं आहेत. वेढ्यात धान्य आणि पाणी किती दिवस पुरतं यावरच किल्ल्याचं आयुष्य ठरत असे, म्हणून ती नुसती ओलांडून जाऊ नका.

माथ्यावर फोटो काढताना मागं सरकू नका. हे वाक्य प्रत्येक गडाच्या लेखात असतं, माहीत आहे. पण इथला कडा गोलसर उताराचा असतो, काठ नेमका कुठं संपतो ते वरून कळत नाही, आणि त्यावर ती वाळू असते.

पश्चिमेला, एका सुट्या खडकावर आणखी एक देऊळ दिसेल. ते मालेगित्ती शिवालय. इथल्या सगळ्या देवळांत मला तेच सगळ्यात देखणं वाटतं. पूर्ण आहे, प्रमाणबद्ध आहे आणि बसलंय असं की खडकानं स्वतःच डोकं वर काढावं. तिथं जायला खाली गावात उतरून वेगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. पायात त्राण असेल तर जा. चढ छोटाच आहे.

चढून, बघून, उतरून दीड-दोन तास लागतात. उतरल्यावर संग्रहालयात शिरा, तिथं मोडक्या मूर्ती सावलीत, शांतपणे बघता येतात. घरातल्या थोरांना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना चढवू नका. तुम्ही वर असेपर्यंत त्यांनी हे संग्रहालय बघावं आणि तलावाच्या काठानं भूतनाथाकडे निघावं. ती वाट सपाट आहे.

तलाव आणि भूतनाथ

भूतनाथाचं देऊळ तलावाच्या पूर्व टोकाला, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं आहे. तोंड पश्चिमेला, त्यामुळं संध्याकाळचं ऊन थेट अंगावर येतं आणि दगड पेटल्यासारखा दिसतो. फोटोसाठी येणार असाल तर मावळतीच्या तासभर आधी या. मागं मोठ्या खडकांवर विष्णूच्या आणि इतर मूर्ती कोरल्यात, त्या बघायला देवळाला वळसा घालावा लागतो. त्याच बाजूला कड्यावर कप्पे अरभट्टाचा सुमारे इ. स. ७०० चा शिलालेख आहे. कन्नड कवितेच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक. ‘साधुगे साधु, माधुर्यंगे माधुर्यं’ अशी त्यातली एक कविता सुरू होते. साधूशी साधू, गोडाशी गोड. आणि त्रास देणाऱ्याला मात्र हा कलियुगाचा विपरीत पुरुष! सीमाभागात राहणाऱ्यांना अर्थ सांगायची गरजच पडू नये.

दक्षिणेचा डोंगर

लेणी दुपारनंतर बघा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत जायचं. स्थानिक लोक यांना मेणबसदी म्हणतात. पायथ्याशी आदिलशाही काळातली घुमटाची वास्तू आहे, वर जाताना ती छान दिसते.

लेण्यांवर भरपूर लिहिलं गेलंय, मी थोडक्यात आटपतो. पहिल्यात अठरा हातांचा नटराज. दुसऱ्यात त्रिविक्रम आणि वराह. तिसरं सगळ्यात मोठं, त्यात शेषावर बसलेला विष्णू, आणि मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे ५७८ चा लेख. त्यामुळं या लेण्याचं वय नेमकं ठाऊक आहे. चौथं जैनांचं, पार्श्वनाथ आणि बाहुबली. एकट्या तिसऱ्याला अर्धा तास द्या. खांबांच्या वरचे कंस बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं, तशी दुखू द्या.

किल्ल्याच्या दृष्टीनं बघायची गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्याच्या मध्ये खडकातल्या फटीतून वर जाणाऱ्या पायऱ्या दिसतात आणि त्यांना कुलूपबंद फाटक आहे. ती रणमंडळाची वाट. वर टिपूच्या काळातली तोफ आहे असं सांगतात. वाट पर्यटकांसाठी बंद केलेली आहे. फाटकावरून चढायचा प्रयत्न करणारी पोरं दिसतात. तुम्ही करू नका, आणि पैसे घेऊन वर नेतो म्हणणारा भेटला तर त्यालाही नको म्हणा. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत आणि वरचा भाग उघडा कडा आहे. फाटकाशी उभं राहून फट कशी वापरली आहे ते बघा, सकाळच्या घळीशी ताडून बघा, बस्स.

कड्यांवर दोर लावून लटकणारी माणसं दिसली तर दचकू नका. हे कडे प्रस्तरारोहणासाठी देशात नावाजलेले आहेत, लांबलांबून लोक येतात. स्मारकांच्या भिंतींवर मात्र कुणालाच चढायची मुभा नाही, हौशी मंडळींनी तर नाहीच.

जेवण आणि मुक्काम

सकाळी इडली-वडा, उप्पीट कुठंही मिळतं. दुपारी खानावळ गाठा. जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा. कडक भाकरी देऊ का मऊ, असं विचारतात. चढून आलेल्यानं मऊ घ्यावी. बनशंकरीच्या देवळाशी बायका टोपलीत भाकरी, चटण्या आणि दह्याची मडकी घेऊन बसतात, पानावर वाढून देतात. ते देऊळ गावापासून पाचेक किलोमीटरवर चोळचगुड्डला आहे. माझा सल्ला विचाराल तर दुपारचं जेवण तिथंच: दर्शन होतं, समोर हरिद्रातीर्थाच्या ओवऱ्यांत सावली मिळते, आणि दुपारचे तापलेले दोन तास सरतात. मग परत येऊन लेणी आणि शेवटी भूतनाथ.

एका दिवसात जाऊन येता येतं. पहाटे पाचला बेळगाव सोडलं तर साडेआठ-नऊला पायथ्याशी. पण तेवढ्यात ऊन वर आलेलं असतं आणि भूतनाथाची संध्याकाळ परतीच्या घाईत बुडते. एक रात्र राहा. स्टँडच्या आसपास साध्या लॉजपासून बऱ्या हॉटेलांपर्यंत सोय आहे, डिसेंबरच्या सुट्टीत मात्र आधी फोन करून खोली धरा. आदल्या संध्याकाळी पोचून सकाळी सहाच्या सुमारास गावातून निघालात तर घळीत तुमच्याशिवाय कुणी नसेल.

दुसरा दिवस हाताशी असेल तर पट्टदकल बावीस किलोमीटरवर, ऐहोळे त्याच वाटेनं पुढं, महाकूट मध्येच. हे सगळे सांगतात. कमी लोक सांगतात ती सिडिलफडी: गावापासून झुडपी रानातून चार-एक किलोमीटर चालत गेलं की वालुकाश्माची नैसर्गिक कमान आहे आणि तिच्या आसऱ्याला आदिमानवानं काढलेली चित्रं. वाट फसवी आहे, खुणा नाहीत. गावातला माहितगार माणूस बरोबर घ्या, त्याचे पैसे निघायच्या आधी ठरवा, आणि दहाच्या आत परत या.